फॉस्फरस ७.४ : मासळी बंद करावी काय?

देवगड तालुक्यातील एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, वजन ५२ किलो, चौदा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. रक्तातील फॉस्फरस ७.४ आला, अंगाला खाज सुटते, म्हणून नातेवाइकांच्या सांगण्यावरून दोन महिने घरात त्यांच्यापुरती मासळी पूर्ण बंद केली. ते सकाळ-संध्याकाळ पेज, भाजी आणि चहा-बिस्किटांवर आहेत. ताज्या तपासणीत फॉस्फरस ७.६ आहे, म्हणजे उतरण्याऐवजी किंचित चढलाच, आणि अल्ब्युमिन (पोषणाचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन) मात्र ३.१ पर्यंत उतरले आहे. याच घरातील सुनेला बाळंतपणानंतर शिरेतून लोहाचे औषध दिले होते. तिचे अंग दुखते म्हणून तपासले तर तिचा फॉस्फरस १.८ निघाला. मुलगा विचारतो, मासळी बंद करूनही वडिलांचा आकडा का उतरत नाही, आणि वडिलांना वर्ज्य असलेले सगळे पत्नीला खाऊ घातले तर चालेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. ताजी मासळी पुन्हा सुरू करावी. वडिलांचा फॉस्फरस ताज्या मासळीमुळे वाढला असावा असे मला वाटत नाही, आणि ती बंद करून जे नुकसान झाले आहे ते अल्ब्युमिनच्या आकड्यात दिसतेच आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातील सुमारे ८५ टक्के हाडांत आणि दातांत कॅल्शियमच्या जोडीने बसलेला असतो, उरलेला बहुतेक पेशींच्या आत असतो, आणि पेशींबाहेरच्या द्रवात, ज्यात रक्तही आले, जेमतेम एक टक्का फिरत असतो. प्रयोगशाळा मोजते तो या एका टक्क्यातला अंश. निरोगी प्रौढात तो दर डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो, वाढत्या वयाच्या मुलांत त्याहून जास्त असणे स्वाभाविक आहे. रिपोर्टवर कुठे फॉस्फरस तर कुठे फॉस्फेट लिहिलेले आढळते, त्याने गोंधळून जाऊ नये, मोजलेली गोष्ट एकच असते. आपण खातो त्यातला जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडाचे. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड याने फॉस्फरस हे मूलद्रव्य प्रथम मिळवले ते सोने करण्याच्या नादात माणसाचे मूत्र आटवून आटवून. आम्हा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या विषयाला एवढी साजेशी सुरुवात दुसऱ्या कुठल्या मूलद्रव्याला लाभली नसेल.

मूत्रपिंड निकामी होऊ लागले तरी हा आकडा बराच काळ सरळ राहतो, आणि तिथेच माणूस फसतो. हाडांतील पेशी एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक अधिक सोडतात, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच वाढवतात, आणि ही दोन्ही मिळून उरलेल्या मूत्रपिंडाकडून फॉस्फरस लघवीवाटे काढून घेतात. कार्यक्षमता साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर हा जोर अपुरा पडतो आणि मग आकडा चढतो. म्हणजे रिपोर्टमध्ये फॉस्फरस वाढलेला दिसतो तेव्हा संप्रेरकांची ओढाताण काही वर्षे जुनी झालेली असते.

वाढलेला फॉस्फरस दुखत नाही, ताप आणत नाही, म्हणून रुग्ण तो मनावर घेत नाहीत. खाज हे लक्षण त्याच्याशी निगडित असले तरी खाजेला कोरडी त्वचा आणि अपुरे डायलिसिस हीदेखील कारणे असतात, त्यामुळे केवळ खाज कमी झाली म्हणून फॉस्फरस उतरला असे समजू नये. खरे नुकसान रक्तवाहिन्यांत होते. त्यांच्या भिंतीतील स्नायुपेशी जास्तीच्या फॉस्फरसमुळे हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीत कॅल्शियम-फॉस्फेट साचते. घसरून पडलेल्या एका वृद्ध रुग्णाचा मनगटाचा एक्स-रे मी त्यांच्या मुलाला दाखवला होता. हाड मोडलेले नव्हते. पण अंगठ्याच्या बाजूने वर चढणाऱ्या रक्तवाहिनीच्या दोन्ही कडा, शाळेच्या पाटीवर पेन्सिलीने ओढाव्यात तशा, समांतर पांढऱ्या रेघा होऊन उमटल्या होत्या. साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी मुळी दिसताच कामा नये. तिकडे पीटीएच सतत चढे राहिल्याने हाडे झिजतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात कण साचून डोळे लाल होतात, आणि क्वचित त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन अत्यंत वेदनादायक जखमा होतात. अमेरिकेतील डायलिसिसच्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६.५ च्या वर फॉस्फरस असणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी अधिक आढळला होता. हा संबंध आहे, कार्यकारणाचा निर्विवाद पुरावा नव्हे. त्यामुळेच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड मार्गदर्शिकेने एखाद्या आकड्यावर अडून न बसता वाढलेला फॉस्फरस सामान्य पातळीच्या दिशेने आणावा एवढेच सांगितले आहे. मीही रुग्णाला ४.५ चा धाक घालत नाही, ७.६ वरून ५.५ च्या आसपास आले तरी ती मोठी कमाई मानतो.

आता हिशेब मांडू. डायलिसिसचा रुग्ण नीट जेवत असेल तर दिवसाला ९०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो, त्यातला साधारण ६० टक्के रक्तात उतरतो, म्हणजे आठवड्याला सुमारे ४००० मिलिग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळमानाने ८०० मिलिग्रॅम निघतो. दोन पाळ्यांचे झाले १६००, तीन पाळ्यांचे २४००. उरलेला जाणार कुठे? म्हणून केवळ पथ्याने हा हिशेब जुळणे जवळपास अशक्य आहे, आणि दोन पाळ्यांवर तर अशक्यच. पेशींच्या आतला फॉस्फरस रक्तात हळूहळू येतो, त्यामुळे वेळ महत्त्वाचा. आमच्याकडे शेवटची एसटी गाठायची म्हणून तीन तासांतच सुया काढायला लावणारे रुग्ण कमी नाहीत, आणि चतुर्थीच्या दिवसांत एखादी पाळी बुडवणे हा तर जणू प्रघातच आहे. त्यानंतरच्या आठवड्याचे रिपोर्ट पाहिले की कोणाच्या घरी गणपती किती दिवसांचा होता ते कळते. वडिलांना तिसरी पाळी मिळणे शक्य असेल तर, केंद्राचे अंतर आणि घरातल्या एका माणसाचा मोडणारा रोजगार या दोन्हींची जाणीव ठेवूनही, माझा पहिला आग्रह त्यासाठी राहील.

दुसरा आग्रह गोळ्यांच्या वेळेसाठी आहे, आणि मला दाट शंका आहे की तुमच्या घरातील उत्तर इथेच दडले आहे. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, ज्यांना फॉस्फेट बाइंडर म्हणतात, त्या रक्तात जाऊन काही करत नाहीत. त्या आतड्यात अन्नातला फॉस्फरस पकडतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. अन्न पोटात नसेल तर त्यांना पकडायला काहीच नसते. माझ्याकडे येणाऱ्या एका तांडेलांचा (मासेमारी होडीच्या प्रमुखांचा) फॉस्फरस वर्षभर आठच्या खाली येईना. विचारले की ठरलेले उत्तर मिळे, ‘डॉक्टरांनु, जेवल्यावरच घेतंय मा!’ एके दिवशी त्यांची पत्नी सोबत आली आणि तिने एका वाक्यात निकाल लावला, ‘साताक जेवतत, आणि गोळी धाक घेतत.’ पाकिटावर ‘जेवणानंतर’ असे लिहिलेले होते आणि रात्री दहा हीदेखील जेवणानंतरचीच वेळ होती, यात त्यांची काही चूक नव्हती. चिठ्ठीवर ते लिहिणाऱ्याची, म्हणजे माझीच होती. तेव्हापासून मी ‘दुसऱ्या घासाबरोबर’ असे लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या यादीत वडिलांना सकाळी उपाशीपोटी ‘हाडांची’ म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची गोळी दिली जाते असे दिसते. तीच गोळी जेवणाच्या घासाबरोबर घेतली तर फॉस्फरस बांधते आणि उपाशीपोटी घेतली तर तिच्यातले कॅल्शियम रक्तात उतरून, ज्या रक्तवाहिन्यांबद्दल वर लिहिले, तिथेच साचायला मदत करते. औषध एक, वेळ बदलली की परिणाम उलटा. लोहाची गोळी चालू असेल तर ती कॅल्शियमच्या वेळी घेऊ नये, कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते. कॅल्शियम आधीच चढे असेल किंवा रक्तवाहिन्यांत साचलेले दिसत असेल तर सेव्हेलामरसारखे कॅल्शियमविरहित औषध योग्य ठरते, ते महाग आहे आणि काहींना बद्धकोष्ठता होते. कॅल्शियम किंवा सेव्हेलामरसारख्या बाइंडरची एक गोळी साधारण २० ते ४० मिलिग्रॅम फॉस्फरसच पकडते, म्हणून गोळ्यांची संख्या पाहून रुग्ण वैतागतात ते मला समजते. पण त्या सारख्या वाटून घेण्याऐवजी मोठ्या जेवणाला जास्त आणि पेजेला कमी किंवा शून्य, अशा घ्याव्यात. आणखी एक, पित्तावर म्हणून दुकानातून आणली जाणारी अॅल्युमिनियमयुक्त पातळ औषधेही फॉस्फरस बांधतात. ती डायलिसिसच्या रुग्णाने परस्पर घेत राहू नयेत, कारण अॅल्युमिनियम मेंदूत आणि हाडांत साचते.

मग आहाराचे काय? इथे आमच्या किनाऱ्यावरील स्वयंपाकघराकडे जरा बारकाईने पाहावे लागेल. छापील पथ्यपत्रकांत अन्नातला एकूण फॉस्फरस दिलेला असतो, त्यातला अंगी किती लागतो ते नसते. कुळीथ, वाल, नाचणी यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बंद असतो आणि तो सोडवणारे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसते, त्यामुळे त्यातला निम्म्याहून कमीच रक्तात येतो. म्हणून कुळथाच्या पिठीवर मी सरसकट फुली मारत नाही, तिच्या बाबतीत पोटॅशियम पाहून प्रमाण ठरवतो. मासे, मटण, दूध यांतला साधारण निम्मा ते त्याहून थोडा अधिक लागतो. आणि कारखान्यात मिसळलेल्या फॉस्फेट क्षारांतला ९० टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळपास सगळा. वेष्टनावर बारीक अक्षरांत आयएनएस (अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक) ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे आकडे दिसले की ते हेच. काळ्या शीतपेयांतले फॉस्फोरिक आम्ल म्हणजे ३३८. प्रक्रिया केलेले चीज, तयार नगेट, सॉसेज आणि काही बिस्किटे व केक यांतही हे क्षार असतात. वडील जेवण टाळून बिस्किटांवर दिवस काढत असतील तर तो पुडा उलटून वाचून पाहा.

मासळीच्या बाबतीतही ताजी आणि पिशवीतली हा भेद आहे. सोललेली गोठवलेली कोळंबी पाणी धरून राहावी म्हणून अनेकदा पॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेली असते. बंदरावर टोपलीतून घेतलेल्या कोळंबीला हा प्रकार नाही. ताज्या माशाच्या १०० ग्रॅममध्ये, म्हणजे दोन मध्यम तुकड्यांत, सुमारे २०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. आपल्या वडिलांना रोज ५२ ते ६० ग्रॅम प्रथिनांची गरज आहे, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटकही वाहून जातात. सुरमई, सरंगा, पापलेट किंवा मोठ्या बांगड्याचे काटे काढून ठेवलेले मांस त्यांना रोज एका जेवणात द्यावे. हवा तर मासा थोडा उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि मग तिखट लावावे. चव काही अंशी जाते हे मान्य, पण फॉस्फरसही काही अंशी जातो.

जपायचे ते वेगळ्या ठिकाणी. आगोटीची बेगमी म्हणून मे महिन्यात डब्यांत भरून ठेवलेले सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील यांतले पाणी गेलेले असते, त्यामुळे मूठभर सुकटीत कित्येक मूठ ओली मासळी एकवटलेली असते, शिवाय जवळा कवचासकट आणि मांदेली काट्यासकट खाल्ली जाते. काटा म्हणजे हाड, आणि हाड म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेट. मिठाची भर पडते ती वेगळीच, त्याने तहान लागते आणि दोन पाळ्यांमधले वजन वाढते. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना माझ्या अनेक रुग्णांचे फॉस्फरस चढतात, तेव्हा मी आधी डब्याबद्दलच विचारतो. काजूचेही तसेच. शंभर ग्रॅमला पाचशे-सहाशे मिलिग्रॅम, आणि वेंगुर्ले-मालवण पट्ट्यात काजू हा जाता-येता तोंडात टाकायचा पदार्थ आहे. दूध दिवसाला एका चहापुरते ठेवावे. अंड्याचा पांढरा भाग मात्र वरदान आहे. प्रथिने भरपूर, फॉस्फरस नगण्य, तो जवळजवळ सगळा बलकात असतो. दोन पांढरी रोज द्यावीत. शहाळ्याचे पाणी ‘थंड असते, खाजेला बरे’ म्हणून कोणी देत असेल तर ते आजपासून थांबवावे. त्याचा दोष पोटॅशियम आहे आणि डायलिसिसच्या रुग्णात वाढलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते. फॉस्फरसचे नुकसान वर्षांनी दिसते, पोटॅशियमला तेवढा धीर नसतो.

मासळी सोडूनही आकडा का चढला, याचे एक कारण पेजेतच आहे. पुरेसे अन्न न मिळालेले शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि मोडलेल्या पेशींतला फॉस्फरस रक्तात येतो. दुसरे कारण हाडे असू शकतात. पीटीएच फार वाढले असेल तर फॉस्फरस ताटातून कमी आणि हाडातून जास्त येतो, मग पथ्य कितीही कडक करा. वडिलांची पीटीएच तपासणी झालेली दिसत नाही, ती करावी. आणि कोणी ‘व्हिटॅमिन डी’ म्हणून कॅल्सिट्रिऑलच्या कॅप्सूल चालू केल्या असतील तर डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्यावे, कारण त्या आतड्यातून फॉस्फरस शोषून घेणे वाढवतात. फॉस्फरस सातच्या वर असताना त्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात, हा निर्णय डॉक्टरांनी जाणीवपूर्वक घ्यायला हवा.

आता सूनबाईंविषयी. बाळंतपणानंतर शिरेतून देण्यात आलेले लोह फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर १.८ चे आश्चर्य वाटू नये. हे औषध रक्तक्षयावर उत्तम आहे, एका-दोन खेपांत काम होते, म्हणून ते सर्रास वापरले जाते. पण त्याने वर उल्लेखिलेले एफजीएफ-२३ काही आठवडे वाढते आणि धडधाकट मूत्रपिंड विनाकारण फॉस्फरस लघवीवाटे टाकू लागते. म्हणजे एकाच घरात एका माणसाच्या शरीरात फॉस्फरस अडकला आहे आणि दुसऱ्याच्या शरीरातून गळतो आहे. बहुतेकींत हे आपोआप भरून येते. अंग दुखणे, थकवा, जिना चढताना मांड्यांत जोर न राहणे ही लक्षणे मात्र बाळंतपणाचा शीण म्हणून सोडून दिली जातात, तसे करू नये. त्यांनी दूध, दही, सुकट, काट्यासकट मांदेली, काजू अवश्य खावे. पण गळती मूत्रपिंडात असल्याने केवळ खाण्याने ती थांबणार नाही, एवढे लक्षात ठेवावे. ड जीवनसत्त्व तपासून कमी असल्यास भरून काढावे, चार आठवड्यांनी फॉस्फरस पुन्हा पाहावा आणि तो सुधारेपर्यंत त्याच औषधाची पुढची खेप घेऊ नये. लोह पुन्हा लागलेच तर दुसऱ्या प्रकारचे मागावे. आकडा १.० च्या खाली गेला, श्वास लागू लागला किंवा स्नायू फारच ढिले पडले तर तो तातडीचा विषय आहे, तेव्हा रुग्णालय गाठावे. फॉस्फेटच्या पुड्या स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी पीटीएच वाढून गळतीला उलट जोर मिळू शकतो.

पुढच्या तपासणीपूर्वी एक बारीकसारीक गोष्ट. तांबड्या पेशींत फॉस्फरस बराच असतो. गावातल्या संकलन केंद्रात घेतलेली नळी दुपारपर्यंत तशीच राहून, मग मोटारसायकलच्या डिकीत आदळत शहरातल्या प्रयोगशाळेत गेली की त्या पेशी फुटतात किंवा झिरपतात आणि आकडा खोटाच फुगतो. रिपोर्टखाली नमुना ‘हिमोलाइज्ड’ (पेशी फुटलेला) असल्याची टीप असेल तर त्या आकड्यावर औषध बदलू नये. वडिलांचे रक्त डायलिसिस सुरू होण्यापूर्वी, शक्यतो दर वेळी आठवड्यातल्या त्याच पाळीला, केंद्रातच काढून घ्यावे. डायलिसिस संपताना काढलेल्या रक्तात आकडा छान दिसतो, पण काही तासांत पेशींतला फॉस्फरस बाहेर येऊन तो पुन्हा चढतो. सूनबाईंनी दर वेळी सकाळच्याच वेळेला रक्त द्यावे, कारण दिवसभरात हा आकडा खालीवर होत असतो आणि सकाळचा संध्याकाळच्याशी ताडून पाहता येत नाही. वडिलांच्या सर्व गोळ्या, ‘हाडांच्या’ आणि ‘पित्ताच्या’ धरून, एका पिशवीत घालून पुढच्या पाळीला डॉक्टरांसमोर ठेवाव्यात, आणि कोणती गोळी कोणत्या घासाबरोबर घ्यायची ते त्यांच्याकडून पाकिटावर लिहून घ्यावे.